दमेकरी दोषी कसा?

बाराव्या शतकाच्या अखेरीला अलेक्झांड्रियातल्या एका उमरावाला दम्याने बेजार केलं होतं. पावसाळी हवेत साधी सर्दी व्हायची, मग छाती भरून यायची, आणि कफ सुटेपर्यंत रात्र बसून काढावी लागायची. डोकं असं ठणकायचं की पागोटंही सहन होईना. मुक्काम कैरोला हलवला तर हवा मानवेल का, असा त्याचा प्रश्न होता. तो त्याने कैरोलगतच्या फुस्तातमधल्या सर्वांत नावाजलेल्या हकिमाला विचारला. या हकिमाचं अरबी नाव मूसा इब्न मैमून. यहुदी त्याला मोशे बेन मैमोन म्हणत, युरोपने त्याचा मायमोनिडीज केला. उत्तरादाखल त्याने तेरा प्रकरणांचा एक ग्रंथच अरबीत लिहून दिला.

या ग्रंथात जादूचा काढा नाही. या आजाराची कारणं अनेक असतात आणि एका औषधाने तो समूळ जात नाही, हे मायमोनिडीज आधीच सांगून टाकतो. पुढचा बहुतेक मजकूर पथ्याचा आहे: काय खावं, किती खावं, झोप, स्नान, पोट साफ राहणं, मनाचे क्षोभ, शहराची कोंदट हवा आणि मोकळ्या रानाची हवा. कोंबडीच्या रश्श्याचं कौतुक आहे. आणि अतिखाण्यावर बारीक नजर आहे. पोटाला तडस लागेल इतकं जेवणाऱ्याची छाती मोकळी राहणार नाही, हा त्या काळच्या वैद्यकाचा सिद्धान्त त्याने या रोग्यापुरता नेटका बसवून दिला आहे.

एवढ्यावर थांबला असता तर तो एक चांगला वैद्य ठरला असता, इतकंच. पण हा माणूस यहुदी धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा संहिताकार होता आणि तत्त्वज्ञही होता. दम्याचा ग्रंथ लिहिला त्याच सुमारास, ११९०च्या आसपास, त्याचा ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ हा मुख्य तत्त्वग्रंथ पुरा झाला. त्याच्या तिसऱ्या भागात जगातल्या दुःखाची वर्गवारी आहे. काही दुःखं देह मातीचा आहे म्हणून येतात, काही एक माणूस दुसऱ्याला देतो, आणि उरलेली माणूस स्वतःच स्वतःवर ओढवून घेतो. मायमोनिडीजच्या मते तिसऱ्या प्रकारची दुःखंच सर्वांत जास्त. खाणं, पिणं आणि कामसुख यांचा अतिरेक करायचा आणि मग देवाच्या नावाने बोटं मोडायची, ही माणसाची जुनी खोड. जगात चांगल्यापेक्षा वाईटच अधिक आहे असं म्हणणाऱ्या अल्-राझीला, म्हणजे आपल्याच पेशातल्या एका थोर पूर्वसूरीला, त्याने याच प्रकरणात फैलावर घेतलं आहे.

म्हणजे दम्याचा दोष दमेकऱ्याचाच. निदान वरवर पाहता निकाल असाच दिसतो.

हा निकाल काही फुस्तातपुरता नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात वजन वाढलेल्या बाईला धाप लागली की भेटायला आलेले नातेवाईक तोच सुनावतात, फक्त चहा घेता घेता. बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही असेच समाचाराला आले होते. सांत्वन करायला बसले आणि ‘तुझ्या हातून काहीतरी पाप घडलंच असणार’ हे पटवून देऊ लागले. धर्मांचा आणि वैद्यकाचा हा समाईक मोह आहे: कारण सापडलं की लगेच आरोपी शोधायचा. लठ्ठपणा आणि दमा यांच्या संबंधाचा प्रश्न म्हणूनच फुप्फुसतज्ज्ञांपुरता राहत नाही. एखादी गोष्ट माणसाच्या देहातून उपजली म्हणजे ती त्याने केली, असं म्हणता येतं का?

आधी हे मान्य करायला हवं की संबंध खरा आहे. ‘जाड माणसाला नुसती धाप लागते, डॉक्टर तिला दमा म्हणतात’ ही शंका बरीच वर्षं घेतली जात होती. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ साली दम्याचं निदान झालेल्या लोकांची नीट फेरतपासणी केली. सुमारे ३० टक्के लोकांना दमा नव्हताच. पण हे प्रमाण लठ्ठांत आणि इतरांत जवळपास सारखंच निघालं, म्हणजे चुकीचं निदान काही फक्त जाड माणसांच्या वाट्याला येत नव्हतं. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८६ हजार परिचारिकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले होते. यातलं मर्म असं की वजन आधी नोंदलं आणि दम्याची वाट नंतर पाहिली. चार वर्षांत साधारण १,६०० जणींना नव्याने दमा झाला, आणि बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असलेल्या बायकांमध्ये हा धोका सडपातळ बायकांच्या २.७ पट होता.

हे घडतं कसं? आपण श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत, काही हवा आत राहतेच. तिच्यामुळे बारीक श्वासनलिका आतून ताणलेल्या, उघड्या राहतात. पोटात आणि छातीवर चरबी साठली की छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो आणि ही राखीव हवा घटते. आडवं झालं की आणखी घटते. नलिका मुळातच अरुंद होतात. त्यांच्याभोवतीचा स्नायू एरवी प्रत्येक खोल श्वासागणिक ताणला जाऊन सैल पडतो, तोही उथळ श्वासांमुळे आखडून बसतो. शिवाय चरबी म्हणजे काही नुसता भार नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात सुटत असतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या फुप्फुसांचे ५२ नमुने तपासले, तेव्हा खुद्द श्वासनलिकांच्या भिंतीतच चरबी आढळली, आणि बीएमआय जितका जास्त तितकी ती अधिक होती.

सुश्रुताने अतिस्थूल माणसाला जडणाऱ्या व्याधींत क्षुद्रश्वास आवर्जून घातला आहे. थोड्याशा श्रमाने लागणारी धाप ती हीच. निरीक्षण अचूक आहे, कारणमीमांसा वेगळी. दम्याच्या जवळ जाणारा तमक श्वास आयुर्वेदाने निराळा ठेवला, हेही लक्षात ठेवलेलं बरं. नाहीतर ‘आपल्याकडे सगळं आधीच ठाऊक होतं’ म्हणायची घाई होते.

तर मायमोनिडीजचं म्हणणं प्रयोगशाळेने उचलून धरलं असं वाटेल. पण त्याचाच आणखी एक मजकूर इथे आडवा येतो.

११८०च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत त्याने आरोग्याचे नियम धर्माचा भाग म्हणून घातले, कारण रोगी देहाने देवाचं ज्ञान होणं कठीण. पोट भरेपर्यंत जेवू नये, पाव भाग रिकामा ठेवावा, असे ते नियम. प्रकरणाच्या शेवटी त्याने चक्क हमी दिली आहे: हे पाळणारा माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत आजारी पडणार नाही, त्याला वैद्य लागणार नाही. धर्मग्रंथात इतकं ठोस आश्वासन क्वचित सापडतं. मात्र हमी दिल्याबरोबर त्याने तीन अपवाद जोडले. ज्याचा देह घडतानाच अधू राहिला तो. ज्याला जन्मापासून वाईट सवयी लागल्या तो. आणि जगावर साथ किंवा अवर्षण आलं तर कुणीही.

तत्त्वज्ञ मायमोनिडीज निकाल देतो आणि संहिताकार मायमोनिडीज त्या निकालाला तीन दारं ठेवतो. आजचं संशोधन पाहिलं तर गंमत अशी दिसते की बहुतेक माणसं या दारांतूनच बाहेर पडतात.

पहिलं दार घडणीचं. २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाची एक आवृत्ती सापडली. आई आणि वडील दोघांकडून ती आलेल्या माणसाचं वजन, ती अजिबात नसलेल्यांच्या मानाने, सरासरी ३ किलोने जास्त भरतं. अशा अनेक जनुकांचा आधार घेऊन ब्रिस्टॉल परिसरातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात २०१४ मध्ये एक नेमका प्रश्न विचारला गेला. लठ्ठपणामुळे दमा होतो, की दम्यामुळे मूल खेळेनासं होतं आणि मग लठ्ठ होतं, की गरिबी आणि कोंदट घर या दोन्हींच्या मागे आहेत? नुसत्या वजनावरून हा गुंता सुटत नाही. पण जनुकं जन्माआधीच वाटली गेलेली असतात, आणि ती वाटणी घराच्या ऐपतीकडे किंवा मुलाच्या खोडीकडे पाहून होत नाही. वजन वाढवणारी जनुकं ज्यांच्या वाट्याला जास्त आली, त्या मुलांत साडेसात वर्षांच्या वयात दमाही जास्त आढळला. म्हणजे बाण वजनाकडून दम्याकडे जातो.

या पुराव्यापाशी थोडं रेंगाळायला हवं. लठ्ठपणा हे दम्याचं कारण आहे याची एवढी भक्कम साक्ष मिळाली ती कुठून, तर माणसाच्या निवडीचा जिथे काडीचाही संबंध नाही अशा ठिकाणाहून. पद्धतच अशी आहे की मुलाने काय खाल्लं, किती आळस केला हे सारं बाजूला सारल्यावरच कारण उघडं पडतं. आणि कारण सिद्ध झाल्याचं ऐकून लोक म्हणतात, ‘बघा, म्हणजे चूक त्याचीच!’ ज्या पुराव्याने कार्यकारण ठरलं त्याच पुराव्याने दोषारोप पातळ केला, हे कुणी बोलून दाखवत नाही.

दुसरं दार जन्मापासूनच्या सवयींचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. काट्यावर दोघेही निर्दोष. याज्ञिकांच्या पथकाने आणखी मागे जाऊनही पाहिलं होतं, पार बाळंतपणापर्यंत. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या किडकिडीत बाळांचा स्नायू कमी पडलेला आणि कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. हे काम मधुमेहासाठी झालं, दम्यासाठी नव्हे. तरी खादाडपणाच्या आरोपाला त्याने सुरुंग लावला आहे, कारण अजून एकही घास न खाल्लेल्या बाळाला संयमाचे धडे कुणी द्यायचे?

तिसऱ्या दाराबद्दल चरकाचं ऐकावं. गंगेकाठी, पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीजवळ अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना विचारतो की प्रत्येकाची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग साथीत सगळे एकदम कसे मरतात? उत्तर मिळतं ते वायू, जल, देश आणि काळ या चार गोष्टी बिघडण्याचं. त्या सगळ्यांच्या समाईक आहेत, एकेकट्याने त्यातून सुटता येत नाही. तोच चरक रोगाचं खापर प्रज्ञापराधावर, म्हणजे बुद्धीने केलेल्या चुकीवरही फोडतो. तोच स्थौल्याची कारणं देताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, सदैव आनंदी राहणं, काळजी न करणं (हे वाचून बरेच जण ओशाळतील) अशी यादी करून शेवटी बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली घडण, मोजतो. आणि ज्या अध्यायात हे येतं त्यातली आठ निंदित माणसंही पाहण्यासारखी आहेत: फार उंच, फार बुटका, फार केसाळ, केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ, फार कृश. यातली पहिली सहा लक्षणं कुणीही स्वतःवर ओढवून घेत नाही. लठ्ठाला चरकाने बसवलंय ते या पंगतीत, चोर-जुगाऱ्यांच्या नव्हे. निंदा तिथेही आहेच, आणि ती बोचरी आहे. पण ती देहाच्या अडचणीची आहे.

ख्रिस्ती परंपरेत खादाडपणा थेट पापांच्या यादीत जाऊन बसला. मात्र यादीचा उगम पाहिला तर आश्चर्य वाटतं. चौथ्या शतकातला इजिप्तच्या वाळवंटातला साधू इव्हॅग्रियस याने आठ दुष्ट विचारांत खादाडपणाला पहिलं स्थान दिलं. पण त्याचं वर्णन ताटावर तुटून पडणाऱ्याचं नाही. उपास केले तर पोट बिघडेल, यकृत जाईल, दीर्घ आजार येईल आणि इथे वैद्यही मिळणार नाही, अशा धास्तीने पछाडलेला साधू तो रंगवतो. त्याच्या लेखी हा दोष पोटाच्या घेराचा नव्हता. स्वतःच्या देहाच्या अखंड काळजीचा होता. या कसोटीवर दिवसातून चार वेळा वजनकाट्यावर चढणाराच खादाड ठरेल. पुढे पाप मनातून उतरून कमरेवर आलं, आणि दिसायला लागल्यामुळे बोट दाखवायला सोपं झालं.

बारीक दमेकऱ्यांना हा जाच होत नाही. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका आयुष्यभर दम्याने हैराण होता, त्याने त्या उबळीवर एक पत्रच लिहून ठेवलं आहे. रोमन वैद्य या दुखण्याला मरणाची तालीम म्हणत, असं तो सांगतो. इतिहासकार टॅसिटस लिहितो की म्हातारा सेनेका कमी खाऊन इतका वाळला होता की मरणाच्या वेळी शिरा कापल्यावर रक्तही नीट वाहीना. त्याच्या दम्यात कुणाला पाप दिसलं नाही. उलट तत्त्वचिंतनाला खाद्य दिसलं.

मायमोनिडीजला जे ठाऊक असणं शक्य नव्हतं असं एक चौथं दारही आहे, आणि ते दवाखान्यातच उघडतं. दम्याचा जोराचा झटका आला की स्टिरॉइडच्या गोळ्या जीव वाचवतात. त्याच गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या तर भूक खवळते, वजन वाढतं. धाप लागेल या भीतीने चालणं सुटतं, वजन आणखी वाढतं. त्यात भर अशी की लठ्ठ दमेकऱ्यांना श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा गुण बऱ्याचदा कमी येतो, म्हणून मात्रा वाढवावी लागते. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज घट्ट बसलेला. म्हणून पंप पदराआड, खिशात लपवला जातो आणि गोळी बिनबोभाट गिळली जाते, खरं तर दोघांत वजनाला घातक तीच.

मग माणसाच्या हातात काहीच नाही का? तसं म्हणणं हा दुसऱ्या बाजूचा खोटेपणा होईल. हेलसिंकीमध्ये ३८ लठ्ठ दमेकऱ्यांवर एक छोटा, पण नीट आखलेला प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली आले. निम्म्यांना आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी १४.५ टक्क्यांनी उतरलं, फुप्फुसांचं काम सुधारलं, वर्षभरानंतरही त्रास इतरांपेक्षा कमी राहिला. मागच्याचा दोष आणि पुढच्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी घ्यायला पहिला कबूल करावा लागत नाही. दम्यावरचा मायमोनिडीजचा ग्रंथ या अर्थाने त्याच्या तत्त्वग्रंथापेक्षा शहाणा आहे. त्यात उमरावाच्या गतायुष्याची उलटतपासणी नाही. उद्या सकाळपासून काय करायचं ते आहे.

हा ग्रंथ असा का झाला असावा, याचा एक धागा मायमोनिडीजच्या आयुष्यात आणि आपल्या समुद्रात सापडतो. त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड जवाहिरांचा व्यापारी. सगळं घर तो पोसायचा आणि मूसा ग्रंथ लिहायचा. हिंदुस्थानच्या वाटेवर डेव्हिडचं जहाज बुडालं, माणूस आणि माल दोन्ही गेले. मूसा सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होता, ताप, गळवं आणि सुन्न झालेलं मन घेऊन. हे त्याने नंतर एका पत्रात स्वतःच लिहिलं. उठल्यावर पोटापाण्यासाठी वैद्यकी धरली. वर्षभराच्या त्या दुखण्यात अतिखाण्याचा किंवा कामसुखाच्या अतिरेकाचा काही वाटा नव्हता. पथ्याच्या बाबतीतही त्याला स्वतःला सवड नव्हती. दरबारातून दुपारी उपाशी परतावं तर ओसरी रोग्यांनी भरलेली. त्यांची माफी मागून घाईघाईने दोन घास खायचे, तेच चोवीस तासांतलं एकमेव जेवण, असं तो ११९९ साली एका पत्रात कळवतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करण्याचं व्रत सांगितलं आहे. लगेच पुढे म्हटलं आहे की प्राण हेच अन्न आणि शरीर त्याचं भक्षक, प्राणात शरीर उभं आहे आणि शरीरात प्राण. श्वास आणि घास यांना एकमेकांचा आधार मानणारी ही मांडणी, घासाला श्वासाचा वैरी ठरवणाऱ्या उपदेशाहून फार निराळी आहे. आणि पुढची व्रतं, अन्न पुष्कळ करावं, दारी आलेल्याला नाकारू नये, ही एकट्याच्या जिभेबद्दल नाहीत. गावात काय पिकतं आणि कुणाच्या ताटात काय पडतं याबद्दलची आहेत. साखर आणि तेल स्वस्त, भाजी महाग, चालायला पदपथ नाही, अशा शहरातल्या दमेकऱ्याचा प्रश्न इथे येऊन टेकतो.

हैदराबादला दर वर्षी जूनमध्ये, मृग लागताना, बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत मासळीतून दम्याचं औषध गिळायला हजारो लोक रांगेत उभे राहतात. महाराष्ट्रातूनही जातात. या औषधाने दमा जातो याला शास्त्रीय पुरावा नाही आणि बुळबुळीत मासळी घशात उतरवणं दमेकऱ्यासाठी जोखमीचं आहे. पण रांगेत जाड कोण, बारीक कोण हे कुणी विचारत नाही, पैसेही घेत नाहीत. दवाखान्यात छातीला नळी लावण्याआधी वजनावरून बोलणी खाल्लेल्या माणसाला तिथे जावंसं वाटलं तर नवल नाही.

दवाखान्याला मात्र विचारावंच लागतं, फक्त वेगळं काही. अमेरिकेतल्या व्हर्मॉंटमध्ये वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर लठ्ठ दमेकऱ्यांच्या श्वासनलिका तपासल्या गेल्या, २०११ साली निष्कर्ष छापून आले. रक्तातली ॲलर्जीची खूण, आयजीई, ज्यांच्यात साधारण होती, त्यांच्या नलिकांचा चिडखोरपणा वजन उतरल्यावर कमी झाला. ज्यांच्यात ती वाढलेली होती, त्यांचा तसा झाला नाही. लहानपणापासूनचा ॲलर्जीचा दमा लठ्ठपणाच्या आधीच येऊन बसलेला असतो. उशिरा, वजनामागोमाग आलेला दमा निराळा. एकाच मापाचे कपडे घालणाऱ्या दोन बायका शेजारी बसल्या तर एकीत वजन हे कारण असतं, दुसरीत नुसती सोबत. बाहेरून पाहून ते कळत नाही. त्यासाठी दमा कितव्या वर्षी सुरू झाला हे विचारावं लागतं, रक्त तपासावं लागतं, यंत्रात फुंकर मारून घ्यावी लागते, आणि मग पंप कोणता आणि पथ्य किती ते ठरतं.